पावसाचा जमाखर्च
(परिसर-अभ्यास : इयत्ता चौथी व पाचवी)



हवामानातील पालट हा विषय मुलांस शिकवावयाचा, तर आरंभ गावच्या पावसापासून करावा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस मोठ्या सरींनी कोसळण्याचा संभव वाढतो. असे पाणी जमिनीत मुरण्यापूर्वीच ओढ्यावाटे निघून जाते. मग वर्षाची सरासरी गाठूनही विहिरी लवकर आटू शकतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाचा प्रयोग या दृष्टीने अभ्यासनीय आहे. १९९० नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी श्रमदान केले, चर खोदले, बांध घातले. मोकाट चराई व वृक्षतोड थांबविली. पुढे त्यांनी पाण्याचा हिशेबही ठेवला. गावात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांची व जनावरांची गरज आधी बाजूस काढून उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. शेतीसाठी विंधनविहिरींस तेथे बंदी आहे. कारण भूमीखालचे पाणी एकट्याचे नसते.

प्रात्यक्षिक

१. सरळ कडांचे, सपाट बुडाचे भांडे झाडे व भिंती यांपासून दूर ठेवावे. रोज सकाळी साडेआठ वाजता साचलेले पाणी पट्टीने मोजून, मिलिमीटरचा आकडा फलकावर लिहावा व भांडे रिकामे करावे.

२. २.५ मि.मी. वा अधिक पावसाचा दिवस 'पावसाचा दिवस' मानावा. महिन्याचा एकूण पाऊस व असे दिवस, दोन्ही शेजारी लिहावेत.

३. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराने १०० चौ. मी. जागा झाकली असून २० मि.मी. पाऊस झाला, तर पाणी किती? (उत्तर : २,००० लिटर.) ते वाहून कोठे गेले, हे मुलांनी पाहून यावे.

४. सार्वजनिक विहिरीची पातळी दरमहा शिक्षकांनी स्वतः मोजावी व मुलांकडून लिहवून घ्यावी.

पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत ही नोंद मुलांकडून वाचवून घ्यावी. यंदा गहू कमी पेरा, असे शेजाऱ्यास सांगणे कठीण असते. त्याने मन दुखावते. आकडा सर्वांसमोर असला म्हणजे ते बोलणे एकट्याचे राहत नाही. मात्र त्यासाठी नोंद विश्वसनीय हवी. एखादा दिवस चुकल्यास तो रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने कदापि भरू नये.