नकारार्थी वाक्यांतील इंग्रजी जोड-क्रियापदें

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस मोठमोठ्या शब्दांचें भय वाटतें. परंतु आमचा अनुभव असा आहे कीं, त्यांना खरे फसवितात ते लहान शब्द. ‘गिव्ह’ म्हणजे देणें, ‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘टर्न’ म्हणजे वळणें, हें खालच्या वर्गांतील मुलासही पाठ असतें. तथापि त्याच शब्दांपुढें ‘अप’, ‘ऑफ’, ‘डाउन’ असे शब्द आले आणि वाक्यांत ‘नॉट’ येऊन बसला, म्हणजे वरच्या वर्गांतील मुलाचीही तारांबळ उडते. ही चूक केवळ परीक्षेंतील गुणांपुरती नसते, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. त्याचे वडील दूरच्या स्टेशनावर रेल्वेच्या नोकरींत असत. ते विषमज्वरानें आजारी पडले, तेव्हां त्यांच्या परप्रांतीय वरिष्ठांनीं घरीं इंग्रजींत पत्र पाठविलें. आईस इंग्रजी येत नव्हतें. म्हणून पत्र वाचण्याचें काम मुलावर आलें. त्यांत एक वाक्य होतें: ‘द डॉक्टर्स हॅव नॉट गिव्हन हिम अप.’ ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणें, एवढें मुलास ठाऊक होतें. तो म्हणाला, “आई, डॉक्टरांनीं बाबांना अजून सोडलेलें नाहीं.” दुखणें हाताबाहेर गेलें म्हणून दवाखान्यांतून घरीं पाठवीत नाहींत, असा अर्थ त्या माउलीनें घेतला, आणि ती रात्र तिनें रडून काढली. सकाळीं मुलगा पत्र घेऊन आमच्याकडे आला. रोग्याविषयीं ‘गिव्ह अप’ म्हटलें म्हणजे ‘आशा सोडणें’. डॉक्टरांनीं आशा सोडलेली नाहीं, असें तें वाक्य सांगत होतें. जें वाक्य धीर देण्यासाठीं लिहिलें, त्यानेंच त्या घराचा धीर खचला!

क्रियापदास असा लहान शब्द जोडून निराळाच अर्थ निघतो, तेव्हां त्या जोडीस ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथांत हें नांव वापरलें. तें त्यांस ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं सुचविलें होतें. वस्तु मात्र जुनी आहे. परकीयांस या जोड्या फार कठीण जातात, हें डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद करून ठेविलें आहे. मराठीसही असा प्रकार अपरिचित नाहीं. ‘कार्य पार पडलें’ असें आपण म्हणतों, तेव्हां कोणी कोठें पडत नाहीं. ‘पार’ आणि ‘पडणें’ यांचे अर्थ वेगवेगळे शोधणारा परका मनुष्य जसा फसेल, तसेच आपण इंग्रजींत फसतों.

आतां ‘नॉट’च्या जागेचा विचार करूं. मराठींत ‘नाहीं’ हा शब्द बहुधा वाक्याच्या शेवटीं येतो. इंग्रजींत ‘नॉट’ साहाय्यकारी क्रियापदाच्या लगेच मागून येतो. ‘त्यानें प्रयत्न सोडला नाहीं’ याचें भाषांतर मुलें ‘ही गेव्ह नॉट अप’ किंवा ‘ही डिड नॉट गेव्ह अप’ असें करितात. दोन्ही अशुद्ध होत. शुद्ध वाक्य ‘ही डिड नॉट गिव्ह अप’ असें आहे. ‘डिड’नें भूतकाळ एकदां सांगितला, तो पुन्हां ‘गेव्ह’नें सांगण्याचें कारण उरत नाहीं. ‘आय नो नॉट’ अशी जुनी रचना १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत पुष्कळ आढळते. तेथें ती शोभते; आपल्या पत्रांत व निबंधांत तिचें अनुकरण करूं नये.

‘नॉट’ एकाच वाक्यांत जागा बदलील, तर अर्थही बदलतो. ‘ही डिसायडेड नॉट टु गिव्ह अप’ म्हणजे माघार न घेण्याचा त्यानें निश्चय केला. ‘ही डिड नॉट डिसाइड टु गिव्ह अप’ म्हणजे माघार घेण्याचें त्यानें ठरविलें नाहीं, एवढेंच. पहिल्यांत निर्धार आहे. दुसऱ्यांत निर्धार असेलच असें नाहीं.

जोडीच्या मध्यें ‘नॉट’ शिरत नसला, तरी कर्म पुष्कळदां शिरतें. ‘डू नॉट पुट ऑफ युवर वर्क’ आणि ‘डू नॉट पुट युवर वर्क ऑफ’ हीं दोन्ही वाक्यें चालतात. परंतु कर्म सर्वनाम असेल, तर ‘डू नॉट पुट इट ऑफ’ असेंच लिहावें. ‘लुक आफ्टर’सारख्या कांहीं जोड्या मात्र फुटत नाहींत, तेथें सर्वनामही मागूनच येतें. ‘शी डिड नॉट लुक आफ्टर हिम.’

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो ज्यांच्या पोटांतच नकार आहे, अशा जोड्यांनीं. ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणें, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणें, ‘लीव्ह आउट’ म्हणजे गाळणें. त्यांस ‘नॉट’ लागला कीं नकाराचा नकार होतो. ‘हर नेम वॉज नॉट लेफ्ट आउट’ याचा अर्थ तिचें नांव यादींत आहे! ‘नॉट’ दिसतांच वाईट बातमी समजणारा विद्यार्थी येथें हटकून चुकतो. पत्र वाचतांना आमचा तो मुलगाही असाच चुकला.

याच्या उलट, कांहीं जोड्या बहुधा नकारांतच भेटतात. ‘आय कॅनॉट पुट अप विथ धिस नॉइज’ म्हणजे हा गोंगाट मला सोसवत नाहीं. ‘आय कॅनॉट मेक आउट हिज हँडरायटिंग’ म्हणजे त्याचें अक्षर मला लागत नाहीं. ‘ही डिड नॉट टर्न अप’ म्हणजे नुसतें ‘तो आला नाहीं’ असें नव्हे. त्याची वाट पाहिली, आणि तो आलाच नाहीं. असे प्रयोग तुकडे न करितां सबंध वाक्यानेंच लक्षांत ठेवावे.

विद्यार्थ्यांनीं एक लहान वही करावी. प्रत्येक जोडीपुढें एक होकारार्थी व एक नकारार्थी वाक्य लिहावें, आणि तें आपल्या घरांतील किंवा गांवांतील खऱ्या गोष्टीविषयीं असावें. पालकांस इंग्रजी येत नसलें, तरी त्यांचें साहाय्य होण्यासारखें आहे. मुलानें इंग्रजी मजकूर वाचून दाखविला कीं, “म्हणजे झालें काय, तें आपल्या भाषेंत सांग,” असें त्यास विचारावें. शब्दास शब्द ठेवून उत्तर आलें, तर पुन्हां विचारावें.

त्या मुलाचे वडील पुढें बरे होऊन घरीं आले. मुलानेंही अशी एक वही केली होती. तिच्या पहिल्या पानावर त्यानें पत्रांतील तें वाक्य लिहिलें होतें, आणि त्यापुढें मराठींत: ‘डॉक्टरांनीं आशा सोडलेली नाहीं.’