स्टुडिओच्या दारात बसलेली नीरा

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीने अक्कलकोट रोड मागे टाकले की थोड्याच वेळात दुधनी येते. दर शनिवारी मी तेथे उतरते. माझे आप्पा दुधनीच्या अडत बाजारात हमाली करतात; आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या या स्टेशनाचा आणि मराठी बोलपटाचा काही संबंध असेल, असे मला गेल्या वर्षापर्यंत स्वप्नातही वाटले नव्हते. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीविषयी बोलताना सरांनी तिच्यावरून निघालेल्या 'कुंकू'चा उल्लेख केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्यातली नायिका तुमच्याच दुधनीची." त्या रात्री वसतिगृहात मैत्रिणीच्या मोबाइलवर आम्ही दोघींनी 'कुंकू' पाहिला. तेव्हापासून जे मनात घोळत आहे ते येथे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

शांता आपटे यांचा जन्म १९१६ साली दुधनीचा. वडील स्टेशनमास्तर आणि गाण्याचे शौकीन. मुलीच्या गळ्यातला सूर त्यांनी ओळखला. पुढे पंढरपूरला संगीताचे शिक्षणही झाले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये राधा होऊन त्या पडद्यावर आल्या. हिंदुस्थानातील बोलपट तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. नटीला आपल्याच गळ्याने गावे लागे, आणि गाताना बहुतेक जणी पुतळ्यासारख्या उभ्या राहत. 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) शांताबाई आल्या आणि गाणे डोळ्यांत, हातांत, मानेच्या झटक्यात उतरले. गाणे हाही अभिनयच, हे त्यांनी करून दाखवले. 'अमरज्योती'त (१९३६) दुर्गा खोटे यांच्यासारख्या अभिनेत्रीसमोरही त्या झाकोळल्या नाहीत.

आणि मग १९३७ चा 'कुंकू'. दिग्दर्शक व्ही. शांताराम. मामाने फसवून नीराचे लग्न एका वृद्ध वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून दिलेले असते. ती रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून ती त्याची बायको होण्याचे नाकारते. लगट करू पाहणाऱ्या सावत्र मुलाला चांगला चोप देते. काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांनी अशी केली आहे की, मिशांना कलप लावणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा राग येता येता कीवही येऊ लागते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक आणि घरातले साधे आवाज एवढेच. त्यामुळे नीरा गप्प बसली की ते गप्प बसणेही ऐकू येते! केशवराव भोळे यांच्या चालींवरची गाणी त्या शांततेतून वर येतात. एके ठिकाणी तर ती लाँगफेलो या कवीची इंग्रजी कविता गाते. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर लपणाऱ्या माझ्यासारखीला तेवढे एकच दृश्य चारदा पाहावेसे वाटले.

परंतु शेवट मला पटला नाही. पत्र लिहून, नीराला मोकळीक देऊन काकासाहेब आपले जीवन संपवतात. म्हणजे एवढे झगडून नीराची सुटका होते ती पुरुषाच्या हातच्या कागदाने! मैत्रीण म्हणाली, "१९३७ साली याहून जास्त काय दाखवणार?" तिचे म्हणणे बरोबरही असेल. पण दोनच वर्षांनी शांताबाईंनी जे केले ते वाचल्यावर माझी तक्रार अधिकच पक्की झाली.

त्या काळी 'प्रभात'मध्ये नटनट्या मासिक पगारावर, कराराने बांधलेल्या असत. १९३९ साली कराराच्या अटींवरून शांताबाईंचे कंपनीशी बिनसले, तेव्हा त्या सरळ पुण्यातल्या स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या. 'कुंकू' आणि 'गोपाळकृष्ण' गाजवलेली, घरोघरी ठाऊक असलेली नटी रस्त्यावर! 'प्रभात'नेच त्यांना घडवले, हे मी नाकारत नाही. परंतु घडवणाऱ्याच्या दारात बसून हिशेब मागायला जास्त धैर्य लागते. अखेर त्या 'प्रभात'मधून बाहेर पडल्या. त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि चित्रपट शिकू इच्छिणाऱ्या मुली आज तेथे प्रवेशासाठी अर्ज करतात.

पुढच्याच वर्षी, १९४० साली, त्यांचे पुस्तक आले : 'जाऊ मी सिनेमांत?' या धंद्यात माणसाचे शोषण कसे होते, हे पडद्यावर झळकणाऱ्या बाईनेच त्यात लिहिले. मला मात्र आधी त्या नावातल्या प्रश्नचिन्हानेच पकडून ठेवले. कारण हाच प्रश्न मी घरी विचारत होते. युवक महोत्सवातल्या एकांकिकेत माझी निवड झाली होती आणि तीन रात्री परगावी राहायचे होते. "जाऊ का मी?" आप्पांचे उत्तर ठरलेले : "नाटकबिटक काय नको. शिकायला धाडलंय." मी वाद घातला नाही, दुधनीच्या स्टेशनमास्तरांची गोष्ट तेवढी सांगितली. आप्पा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मास्तरनं सोताच्या पोरीला गायला लावलं?" तीन दिवसांची परवानगी मिळाली नाही. एका दिवसाची मिळाली, तीही अव्वा सोबत येणार या अटीवर. मी गेले. अव्वा पहिल्या रांगेत डोक्यावरचा पदर सावरत बसली होती.

बाहेर पडल्याची किंमत शांताबाईंना मोजावी लागली. 'कुंकू'च्या तोडीची भूमिका त्यांना पुन्हा मिळाली नाही, असे माझे मत आहे. पण त्या थांबल्या नाहीत. तमिळ शिकून १९४१ च्या 'सावित्री'त नायिका झाल्या. त्यात नारद होत्या साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी. घरी कानडी आणि शाळेत मराठी अशी माझी त्रेधा झालेली असल्याने या धाडसाचे मला विशेष कौतुक वाटते. लाहोरच्या 'जमीनदार'मध्ये (१९४२) त्या होत्या. १९४६ च्या मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा'त एका छोट्या भूमिकेत लता मंगेशकर ही सतरा वर्षांची मुलगी होती. पुढे पडद्यावर दिसणारी एक आणि गाणारी दुसरी अशी रीत पक्की झाली, आणि गाणाऱ्या नायिकांचे दिवस सरले. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी शांताबाईंचे निधन झाले, तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती.

येत्या स्नेहसंमेलनात 'कुंकू' दाखवावा, असा अर्ज मी वाङ्मय मंडळाकडे दिला आहे. त्यावर आणखी काही जणांच्या सह्या झाल्या तर बरे होईल.