हरल्यावर हातात काय उरतं? लेखन-वाचन स्पर्धांचा खर्च, पनवेलच्या पालकांसाठी आणि नवलेखकांसाठी

नवीन पनवेलला राहणारी माझी भाची सातवीत आहे. तिच्या वर्गाच्या पालक-ग्रुपवर एक दिवस ‘राज्यस्तरीय निबंध स्पर्धे’चा निरोप आला. प्रवेश शुल्क २५० रुपये. बहिणीने लगेच भरले. महिन्याभराने ‘अभिनंदन, उत्तेजनार्थ पारितोषिक’ असा संदेश आला आणि त्यामागोमाग प्रमाणपत्राच्या छपाईचे १५० रुपये, मग स्मृतिचिन्ह घरपोच हवं असेल तर आणखी ३५०. एकूण ७५०. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यावर भाचीचं नाव चुकलं होतं आणि निबंधाचा विषयही तिने लिहिलेला नव्हता. वर्गातल्या ज्या-ज्या मुलांनी पैसे भरले, त्या सगळ्यांना ‘उत्तेजनार्थ’च मिळालं होतं. तिने मला एकच प्रश्न विचारला, “मामा, माझा निबंध कोणी वाचला तरी का?”

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. मुलांनी लिहावं, वाचावं, स्पर्धेत उतरावं. मोठ्यांनीही पहिली कथा, पहिला कवितासंग्रह घेऊन पुढे यावं. मात्र पैसे काढण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारायची: बक्षीस नाही मिळालं, तरी हातात काय उरेल? त्याचं उत्तर चांगलं असेल तर पैसे द्यावेत, नाहीतर नाही.

एकही रुपया शुल्क नसलेल्या स्पर्धा

सर्वांत मोठ्या आणि विश्वासार्ह स्पर्धांना बहुतेक वेळा प्रवेश शुल्कच नसतं.

डाक विभागाची ‘ढाई आखर’ पत्रलेखन स्पर्धा त्यातली सर्वांत सोपी. १८ वर्षांपर्यंतचे आणि १८ वर्षांवरचे असे दोन गट असतात. अंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांच्या आत किंवा लिफाफ्यात १००० शब्दांच्या आत हाताने लिहायचं, मराठीतही चालतं. अंतर्देशीय पत्राची किंमत अडीच रुपये, लिफाफ्याची पाच. विषय दर वर्षी जाहीर होतो. २०२४-२५ मध्ये डिजिटल युगात पत्राचं महत्त्व असा होता. परिमंडळ पातळीवर २५ हजार, १० हजार आणि ५ हजार, तर राष्ट्रीय पातळीवर ५० हजार, २५ हजार आणि १० हजार रुपयांची बक्षिसं. पत्र आपल्या परिमंडळाच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलच्या नावे जातं. वय १८ च्या आत आहे की वर, हे प्रमाणित करणारी ओळ पत्रातच लिहावी लागते आणि नेमकी तीच मुलं विसरतात. पत्र बंद करण्याआधी ती ओळ शोधून पाहा.

९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक टपाल संघाची आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून चालू आहे. आपल्याकडे ती डाक विभागामार्फत होते. शाळेने कळवलं नाही तर पोस्टात जाऊन विचारावं.

शाळेतून होणाऱ्या उपक्रमांमध्ये राज्य शासनाचा ‘महावाचन उत्सव’ आहे. मुलाने आवडीचं पुस्तक वाचायचं आणि त्यावर आपल्या शब्दांत थोडक्यात लिहायचं. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून, तर २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा होतो. या दोन तारखांच्या आसपास शाळा, वाचनालयं आणि साहित्य संस्था अभिवाचन, काव्यवाचन, निबंध अशा स्पर्धा ठेवतात. सप्टेंबर आणि जानेवारी संपता संपता वर्गशिक्षकांना आणि वाचनालयाच्या सूचना फलकाला एकेक भेट द्यावी. जाहिरात व्हॉट्सअॅपवर यायची वाट पाहू नये.

पनवेलमध्ये कुठे विचारायचं

पहिला पत्ता जुन्या पनवेलमधलं के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय. वाचनालयाची वर्गणी हा स्पर्धेवरचा खर्च वाटत नाही, पण मी तो आधी धरतो. जी मुलगी वर्षभर दर आठवड्याला एक पुस्तक वाचते, तिला वाचनाच्या स्पर्धेसाठी वेगळा क्लास लावावा लागत नाही. सार्वजनिक वाचनालयात सहसा दोन रकमा असतात: अनामत आणि मासिक वर्गणी. अनामत सदस्यत्व सोडताना परत मिळते, म्हणून तिची पावती जपून ठेवावी. नाव घालताना तीन गोष्टी विचाराव्यात: मुलांसाठी वेगळी वर्गणी आहे का, एका वेळी किती पुस्तकं मिळतात आणि वर्षभराची रक्कम एकदम भरली तर सूट आहे का.

दुसरा पत्ता कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे कोमसाप. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ साली ही संस्था उभी राहिली. तिच्या शाखा गावोगाव आहेत, पनवेल परिसरातही आहेत. नवलेखकाने स्पर्धेपेक्षाही अशा शाखेच्या काव्यवाचनाला किंवा कथावाचनाला आधी जावं. आपली कविता लोकांसमोर वाचताना कुठे श्वास अडकतो, कुठे समोरचा माणूस मोबाइल काढतो, हे कोणताही परीक्षक कागदावर लिहून देत नाही.

दिवाळी अंकांचं तर पनवेलशी खास नातं आहे, कारण श्री रामशेठ ठाकूर सामाजिक विकास मंडळाची राज्यस्तरीय दिवाळी अंक स्पर्धा इथलीच. अंकाला साहित्य पाठवायला लेखकाने पैसे द्यायचे नसतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजना’ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. तेव्हापासून लेखकाने लिहायचं आणि संपादकाने निवडायचं, ही रीत आहे. ‘तुमची कथा छापतो, पानाचे अमुक द्या’ असं कोणी म्हणालं, तर ती निवड झाली नाही, ती जागा विकत घेतली.

घरबसल्या फुकट वाचायचं असेल, तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे नोव्हेंबर १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. एका सुट्टीत पाच-सहा अंक वाचून काढले, तर निबंधाच्या गाइडचे पैसे वाचतात.

खर्च नेमका कुठे होतो

शुल्क नसलं तरी बारीकसारीक खर्च असतोच. तो असा:

• टायपिंग: मराठी डीटीपी करून देणारे पानावर पैसे घेतात. मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डने किंवा बोलून टाइप केलं, तर खर्च शून्य. फाइल युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधली फाइल पलीकडे उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हं दिसतात.

• स्पीड पोस्ट: २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पुण्या-मुंबईला प्रवेशिका पाठवायला साधारण ५५ रुपये. विद्यार्थ्यांसाठी १० टक्के सवलत आहे. खिडकीवर मागावी लागते.

• पुस्तक पाठवणं: छापील पुस्तक स्पर्धेसाठी पाठवायचं असेल, तर मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘ज्ञान पोस्ट’ सेवा स्वस्त पडते. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा.

• प्रती: प्रवेशिकेची एक झेरॉक्स किंवा मोबाइलवर स्पष्ट फोटो घरी ठेवाच. बहुतेक स्पर्धा साहित्य परत करत नाहीत.

शुल्क असलेली स्पर्धा: भरावं की नाही?

शुल्क घेणारी प्रत्येक संस्था लबाड असते, असं मुळीच नाही. सभागृहाचं भाडं, परीक्षकांचं मानधन, चहापाणी हे सगळं कुठून तरी यायचंच. पण जरा गणित करून पाहा. समजा, शुल्क २०० रुपये आहे आणि ४०० मुलं आली, तर ८० हजार जमतात. बक्षिसं मिळून १० हजारांची असतील, तर उरलेल्या ७० हजारांचं काय होणार, हे विचारायचा हक्क पालकाला आहे. चांगली संस्था सांगते. पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा:

१. आयोजक कोण? न्यासाचा नोंदणी क्रमांक, पत्ता, मागच्या वर्षीचा निकाल.
२. परीक्षक कोण? नावं आधी जाहीर होणार की नाही?
३. प्रत्येक स्पर्धकाला अभिप्राय मिळेल का? दोन ओळींचा मिळाला तरी पुरे. माझ्या मते शुल्क देण्याचं हे एकच खरं कारण आहे.
४. पुढे आणखी काही भरावं लागेल का? प्रमाणपत्र, स्मृतिचिन्ह, कुरिअर, समारंभाची प्रवेशिका हे सगळं एकदम लेखी विचारा.
५. पैसे कुठे जाणार? संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती मिळावी. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर भरू नये.
६. मुलाचं आधार कार्ड कशाला हवं? वयाची खात्री शाळेच्या दाखल्यावरून होते.

मोठ्यांसाठी: ‘प्रातिनिधिक संग्रहा’चा हिशेब

नवकवींकडे सर्वाधिक येणारा निरोप म्हणजे ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहासाठी निवड’. सहभाग शुल्क भरा, दोन कविता छापू, सन्मानपत्र देऊ. चाळीस कवींनी हजार-हजार भरले, तरी ४० हजार होतात. पुस्तकाच्या किती प्रती निघणार, लेखकाला किती मिळणार आणि कवींशिवाय ते विकत कोण घेणार, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणी नाही’ असेल, तर ते तुमच्याच पैशाने तुम्हालाच विकलेलं पुस्तक आहे. ‘आयएसबीएनसह’ याचे वेगळे पैसे लावले, तर लक्षात ठेवा: भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो.

याउलट खरे दरवाजे पाहा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मदत करते. लेखकाने हस्तलिखित द्यायचं, पैसे नाहीत. छापून झालेल्या पुस्तकासाठी स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार आहेत. त्यात प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे आणि त्याची रक्कम ५० हजार रुपये आहे. प्रवेश शुल्क नाही, खर्च फक्त पुस्तकाच्या प्रतींचा. रायगडच्या लेखकांना प्रवेशिका अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देता येते. तिशीच्या आतल्यांसाठी राष्ट्रीय पुस्तक न्यासामार्फत ‘पीएम युवा’ योजना असते. जाहीर केलेल्या विषयावर १० हजार शब्दांचा आराखडा आणि नमुना मजकूर पाठवायचा, मराठीतूनही चालतो. निवड झाल्यास सहा महिने दरमहा ५० हजार रुपये आणि अनुभवी लेखकाचं मार्गदर्शन मिळतं.

सही करण्याआधी

तुम्ही लिहिलं त्या क्षणापासून त्याचा हक्क तुमचा असतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. केलीच तर साहित्यकृतीमागे ५०० रुपये शुल्क आहे, स्पर्धेला पाठवायच्या एका कथेसाठी त्याची गरज नाही. पण ‘आलेल्या सर्व साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असा नियम असेल, तर तो दोनदा वाचा. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. एकदा छापायची परवानगी देणं ठीक. कथा कायमची देऊन टाकणं ही बक्षिसाची किंमत होऊ शकत नाही.

फसवणूक झाली तर

पैसे भरून सेवा घेतली, की तुम्ही ग्राहक झालात. जाहिरात, पावती, संदेश यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि आधी आयोजकांना लेखी कळवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे ऑनलाइन उकळले गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा आयोग अलिबागला आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ७५० रुपयांसाठी कोण अलिबागला जाणार, असं वाटतं खरं. पण वर्गातल्या वीस पालकांनी मिळून एक पत्र पाठवलं, तर बहुधा अलिबाग गाठायची वेळ येत नाही.

वर्षाचं अंदाजपत्रक

एका मुलासाठी माझा हिशेब असा: वाचनालयाची वर्गणी, एक दोनशे पानी वही, अंतर्देशीय पत्रं चार म्हणजे दहा रुपये, बाहेरगावच्या दोन प्रवेशिकांचं स्पीड पोस्ट ११० रुपये आणि अभिप्राय देणारी, शुल्क असलेली फार तर एक स्पर्धा. उरलेल्या पैशांचं मुलाने स्वतः निवडलेलं पुस्तक.

भाचीने त्यानंतर ‘ढाई आखर’साठी पत्र लिहिलं. आधी वहीत चार कच्चे मसुदे झाले. पहिल्यात सातशे शब्द, ते कमी करताना तिने स्वतःच तीन विशेषणं आणि एक खोटा वाटणारा परिच्छेद खोडला. शेवटी अंतर्देशीय पत्राच्या निळ्या कागदावर, घडीच्या रेषा सांभाळत, बारीक अक्षरात ते मावलं. तिला बक्षीस मिळालं नाही. ती वही मात्र तिच्या दप्तरात असते आणि कोणी विचारलं की ती आधी खोडलेला परिच्छेद दाखवते.