ओला कचरा मुबलक, सुक्याची बेगमी करा

आमच्या परळच्या सोसायटीच्या गच्चीवर भाजीची सामायिक बाग आहे. तिला लागणारं खत घराघरांतल्या ओल्या कचऱ्यातूनच होतं. आज ती सुरळीत चालली आहे. मध्यंतरी मात्र ती बंद करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आला होता आणि ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वास येत होता, अळ्या जिन्यापर्यंत आल्या होत्या, मागच्या अंगणात घुशींनी बिळं केली होती. गिरगाव, दादर, लालबागमध्ये अशा बागा मोठ्या हौसेने सुरू होतात आणि पहिल्याच पावसाळ्यात मान टाकतात. कारणं आधी कळली तर हे टाळता येतं, म्हणून हे लिहिते आहे.

महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या संकुलांना आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवण्याचं बंधन घातलं. २० हजार चौरस मीटरहून मोठं आवार किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा, ही त्याची मोजपट्टी होती. आमची सोसायटी त्यात बसत नव्हती, तरी विषय निघाला. आदल्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर साऱ्या मुंबईने पाहिला होता. १९२७ पासून शहर आपला कचरा तिथे नेऊन टाकत आलं आहे. आपल्या घरातली भाजीची देठं त्या ढिगात जाण्यापेक्षा आपल्याच वांग्या-मिरच्यांच्या मुळाशी जावीत, हे सगळ्यांना पटलं.

डोळ्यांसमोर उदाहरणही होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग ऑफिसर प्रीती पाटील यांनी दोन दशकांपूर्वी हेच करून दाखवलं होतं. कामगारांच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून रोज निघणारा कचरा गच्चीवरच जिरवून त्यांनी भाज्या आणि फळझाडं वाढवली. डॉ. आर. टी. दोशी यांची शहरी शेती आणि श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार यांचा विचार त्यामागे होता. दोशींच्या पद्धतीत उसाच्या चिपाडांना मोठं स्थान होतं. आमच्याकडच्या चर्चेत ओल्या कचऱ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. चिपाडांचा विषय कोणी काढला नाही.

चोवीस तासांत खत?

समितीने एका विक्रेत्याकडून यंत्र घेतलं. आज ओला कचरा घाला, उद्या खत काढा, असं ते होतं. दुसऱ्या दिवशी खरोखरच तपकिरी, कोरडी भुकटी निघाली. तिला भाजल्यासारखा खमंग वास होता. वांगी-टोमॅटोच्या बुंध्याशी मूठ मूठ घातली आणि पाणी दिलं. काही दिवसांतच कुंड्यांत पांढऱ्या बुरशीचं जाळं पसरलं. मातीत बोट घातलं तर ऊब लागत होती. खालची पानं पिवळी पडली, चिलटं घोंगावू लागली आणि त्या खमंग वासाचा आंबूस वास झाला.

याचं कारण साधं आहे. अशा यंत्रात कचरा तापवून वाळवला आणि दळला जातो. तो कुजलेला नसतो. पाणी मिळताच तो कुंडीतच कुजायला लागतो आणि कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतला नत्र ओढून घेतात. रोपाला काही उरत नाही. त्यात उरलेली आमटी-भाजी घातलेली असली तर तेलमिठाचा भार वेगळाच. यंत्र निरुपयोगी आहे असं नाही. कचऱ्याचं वजन आणि आकारमान त्याने झपाट्याने घटतं. पण निघालेली भुकटी हा कच्चा माल समजून पुढे महिना-दोन महिने पाल्यात मुरवावी लागते. यंत्र घेण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा : हे खत लगेच रोपाला चालतं का? चालतं म्हणाला, तर आधी परीक्षा घ्या.

परीक्षा घरच्या घरी होते. भुकटी किंवा खत ओलसर करा, बरणीत घट्ट झाकून तीन-चार दिवस ठेवा. झाकण उघडल्यावर पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला तर खत तयार आहे. नाकाला झोंबलं तर कच्चं आहे. दुसरी परीक्षा मेथीची. एका वाटीत माती, दुसऱ्या वाटीत निम्मी माती आणि निम्मं खत घेऊन दोन्हींत सारखेच दाणे पेरा. खताच्या वाटीत दाणे उगवले नाहीत, किंवा कोंब तपकिरी होऊन बसले, तर ते खत अजून बाजूला ठेवा.

पावसाळा आणि पाला

यंत्राला कंटाळून मागच्या अंगणात विटांचे हौद बांधले गेले. उन्हाळाभर ते ठीक चालले. मग पाऊस सुरू झाला. जुलैची कुलाब्याची सरासरीच साडेसातशे मिलिमीटरच्या वर आहे आणि हिंदमाता चौकात पाणी किती वर चढतं हे परळ-दादरच्या माणसाला सांगायला नको. हौदांत खालून पाणी शिरलं. भाजीपाल्याचा चिखल झाला, हवा कोंडली आणि कुजण्याऐवजी सगळं सडायला लागलं. घाण वास येतो तो याच सडण्याचा. नीट कुजणाऱ्या कचऱ्याला असा वास नसतो, हे मी आज खात्रीने सांगते.

हवेची आणि ओलीची ही सगळी व्यवस्था सुक्या पाल्यावर अवलंबून असते. कुजण्यासाठी जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण ३० ला १ या प्रमाणात लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब कमी. वाळकी पानं, चिपाडं, लाकडाचा भुसा यांत कर्ब भरपूर. शिवाय सुकी पानं जादा पाणी शोषतात आणि मधे हवेला जागा ठेवतात. म्हणून एक बादली ओल्या कचऱ्याला किमान एक बादली चुरलेला पाला, पावसाळ्यात दीड ते दोन बादल्या. खालीवर केलेला कचरा मुठीत घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. पाणी ओघळलं तर पाला वाढवा.

ओला कचरा रोज आपोआप दारात येतो. पाला मात्र वर्षातून थोडेच दिवस पडतो, आणि पावसाळ्यात, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा कोरडा पाला कुठेच मिळत नाही. पापड-कुरडयांची करावी तशीच त्याची उन्हाळ्यात बेगमी करावी लागते. देशी बदाम, पिंपळ, पर्जन्यवृक्ष यांची पानगळ हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला होते. शिवाजी पार्कच्या कडेला, हिंदू कॉलनीत, फाइव्ह गार्डन्सभोवती तेव्हा झाडलोटीचे ढीग लागतात. सफाई कामगारांशी आणि उद्यानाच्या माळ्यांशी आधी बोलून ठेवा. पोती तुम्ही दिलीत तर पाला मिळतो. घरी आणल्यावर त्यातल्या गुटख्याच्या पुड्या आणि वेष्टनं वेचून काढा, पाला पायाखाली चुरून पोत्यात दाबून भरा आणि पोती जमिनीपासून उंच, छपराखाली ठेवा.

किती लागतो त्याचा अंदाज आधीच करावा. एका घरातून अर्धा किलो ओला कचरा धरला तर चाळीस घरांचा २० किलो होतो. त्याला दोन-तीन दिवसांमागे एक मोठं पोतं पाला लागतो, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांना पन्नासच्या आसपास पोती. एवढी जागा नसेल तर निम्म्याच घरांपासून सुरुवात करा. पाला कमी पडला तर रसवंतीगृहातली चिपाडं उन्हात वाळवून घ्या. ती तुकडे करून घातली तर उत्तम चालतात. शहाळ्याची सोडणं लवकर कुजत नाहीत, ती फोडून कुंडीच्या तळाशी घाला. पाणी निचरतं आणि मातीही कमी लागते.

काय घालू नये

आमच्या भागात मासळी घराघरांत. खवलं, कोलंबीची सालं आणि काटे हौदात पडले की रात्री मांजरं आणि घुशी येणारच. घुशी आल्या म्हणजे पावसाच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका आला. म्हणून मासळी-मटणाचं काहीही, तळणीचं तेल आणि उरलेलं शिजवलेलं अन्न सामायिक हौदात घालू नये. ते महापालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्यावं. मासे धुतलेलं पाणी मात्र नारळाला, कढीपत्त्याला खुशाल घालावं. हौद जमिनीपासून वर उचललेला असावा, तळाला आणि झाकणाला बारीक लोखंडी जाळी असावी आणि वर छप्पर हवंच.

निर्माल्याला वेगळं पिंप ठेवा. गणपतीच्या दिवसांत झेंडू, दूर्वा, शमी, केळीची पानं यांचा ढीग येतो आणि त्यात हारांचा दोरा असतो. हे दोरे न काढता घातलेलं निर्माल्य महिन्यांनी उकरायला घेतलं तेव्हा फुलांचं काळं, भुसभुशीत खत झालं होतं, पण नायलॉनचा दोरा जसाच्या तसा गुंता होऊन दंताळ्याच्या दातांत अडकत होता. त्यात सोनेरी कागदाच्या टिकल्याही चमकत होत्या. तो गुंता कात्रीने कापत बसण्यात आम्हा बायकांच्या दुपारी गेल्या. पिंपापाशी कात्री टांगून ठेवा. दोरा, प्लास्टिकची फुलं, जरी, कापूर-उदबत्तीची पाकिटं तिथेच काढून मग फुलं आत टाका. निर्माल्याचं खत पायदळी येऊ नये असं अनेकांना वाटतं. त्या भावनेचा मान राखून ते तुळशीला, जास्वंदीला आणि मोगऱ्याला वापरा.

गच्चीवर माती नेण्याआधी

हे मी सर्वांत कळकळीने सांगते. गिरगाव-लालबागमध्ये १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती आजही पुष्कळ आहेत. फूटभर ओल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातं. नव्या इमारतीची वापरातली गच्चीसुद्धा तेवढ्याच जागेला साधारण १५० किलोच्या भाराचा हिशेब धरून बांधलेली असते. म्हणून संरचना अभियंत्याच्या लेखी मताशिवाय वाफे घालू नयेत. कुंड्याच ठेवायच्या, त्याही तुळयांच्या आणि भिंतींच्या वर, स्लॅबच्या मध्यावर नाही. त्यांत माती थोडी आणि खत, पाला, चिपाडं जास्त. वजन निम्म्याहून खाली येतं. जुन्या, धोकादायक ठरवलेल्या इमारतीत गच्चीचा नाद सोडून अंगणातच बाग करा.

कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, रंगाचे रिकामे डबे यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. ताटल्या काढून टाका, पिंपांना झाकण ठेवा आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी गच्ची फिरून पाहा. रंगाच्या किंवा रसायनांच्या डब्यांत खाण्याची भाजी लावू नका. तेलाचे, लोणच्याचे धुतलेले डबे आणि फळांचे क्रेट पुनर्वापराला चांगले.

माणूस हवा

आमच्याकडे बाग सावरली ती एका साध्या व्यवस्थेने. खालीवर करण्याचे दिवस ठरले, त्यासाठी माणूस नेमला, त्याला रीतसर पगार, हातमोजे आणि बूट दिले. कचरा मिसळून येत असेल तर त्याने ती बादली परत पाठवायची आणि समितीने त्याच्या पाठीशी उभं राहायचं, हेही ठरलं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास कार्यक्रमातून तयार झालेल्या परिसर भगिनी हे काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. अशा अनुभवी हातांची मदत घ्या. खतातला पहिला वाटा नीट वर्गीकरण करून देणाऱ्या घरांना द्या. भाजी थोडी निघते, ती वाटून घ्या. आजारी शेजाऱ्याला आधी.

धारावी-माहीमच्या सीमेवर, मिठीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकरांची ती जागा पूर्वी शहराची कचराभूमी होती. १९९४ पासून ते उद्यान लोकांसाठी खुलं आहे. सोसायटीच्या पोरांना घेऊन एकदा तिथे जाऊन या. कचऱ्यातून हिरवं उगवतं, पण त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. चांगलं खत व्हायला मुंबईच्या हवेतही दोन-अडीच महिने लागतातच.

तुमच्या इमारतीत बाग करायचं मनात असेल तर यंत्राच्या किमती आणि बियांची पाकिटं नंतर पाहा. आधी पाला ठेवायला कोरडी जागा शोधा आणि यंदाच्या पानगळीत पोती भरून ठेवा. पावसाआधी तेवढं केलंत तर तुमची बाग टिकेल.