चुंबकाचा नट लावू का, ताई?

अगं, मानकोली नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडीच्या ऑइल चेंबरला चुंबकाचा नट सुचवला आणि तू लगेच विचारतेस, "ताई, हा मला फसवतोय का?" फसवत नाहीये गं, पण अर्धंच सांगतोय. उरलेलं माझ्याकडून ऐक.

जुनं ऑइल ज्या नटातून काढतात, त्याच्या टोकाला चुंबक बसवलेलं असतं, एवढाच तो प्रकार. ऑइलमधला लोखंडाचा कीस ते धरून ठेवतं. हे काम फिल्टरही करतो, पण 20-25 मायक्रॉनहून बारीक कण त्यातून बरेचसे निसटतात. त्यातले काही चुंबकाला लागतात. काहीच म्हणते, कारण नट चेंबरच्या तळाशी एका कोपऱ्यात असतो आणि सगळं ऑइल काही त्याला घासून जात नाही.

शिवाय इंजिनात फक्त लोखंडच झिजत नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचे. बेअरिंगचा वरचा थर तांब्या-शिशाचा, नाहीतर ॲल्युमिनियम-कथिलाचा. यातलं काहीही चुंबकाला चिकटत नाही. आणि तू रोज डोंबिवलीहून पूल ओलांडून गोडाऊनच्या गल्लीत शिरतेस, कंटेनरच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगतेस, तिथली धूळ? त्या धुळीत बारीक रेतीच जास्त. एअर फिल्टर नीट बसलेला नसला की ती आत जाऊन सिलिंडर खरवडते. तिथे चुंबक काय करणार? म्हणून एअर फिल्टर आधी बघ. अशा रखडत चालणाऱ्या गाडीचं ऑइलही किलोमीटर भरायची वाट न बघता थोडं आधीच बदल.

गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुधा फिल्टर नसतो आणि आत दातावर दात घासत असतात, म्हणून पुष्कळ कंपन्या तिथे चुंबक स्वतःच देतात. असेल तर ते काढू देऊ नकोस.

मग इंजिनाला लावायचाच नाही का? तुझी गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं देव जाणे. तुला आतली खबर मिळावी म्हणून लाव. पण नट निघेल तेव्हा तू तिथे उभी हवीस. तो फडक्यावर ठेवायला सांग आणि उजेडात बघ. टोकावर काजळासारखा काळपट लेप असेल आणि चिमटीत चोळल्यावर काही टोचलं नाही, तर ती रोजची झीज, काळजी नको. पण चकाकणारी सळी, पापुद्रा किंवा बोटाला लागेल असा तुकडा दिसला, तर नवं ऑइल भरून तशीच चालवू नकोस. आधी कारण शोधायला लाव. तुझ्या मागे नट पुसून परत बसवला, तर पैसे पाण्यात.

घेताना माप जुन्या नटाशी जुळवून घे. 14 चा नट 1.5 च्या आट्यांचा असतो तसा 1.25 चाही असतो. चुकीचा नट जोर लावून बसवला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि खर्च कुठल्या कुठे पोचतो. साधं निओडिमियम चुंबक 80 अंशांच्या पुढे बळ गमावायला लागतं, आणि इंजिनातलं ऑइल 100 अंशांपर्यंत सहज तापतं. म्हणून बिननावाचं स्वस्त घेऊ नकोस. नुसतं चिकटवलेलं तर अजिबात नको, सुटून आत पडलं तर नसती आफत.

आणि हो, पोरगा पान्यावर लोंबकळून नट आवळायला लागला तर सरळ थांबव. वायसर दरवेळी नवा. ऑइल फिल्टरही नवाच, आणि खोका तुझ्यासमोर फोडायला लाव. या दोन गोष्टींत तो टंगळमंगळ करत असेल, तर नटाचं राहू दे, आधी गॅरेज बदल.