जीपचे पाटे

जीप खड्ड्यांतून जाते. चाके वरखाली होतात, पण आतली माणसे फारशी उडत नाहीत. असे का होते? गाडीखाली वाकून पाहा. आसावर पोलादी पट्ट्यांची चवड आवळलेली दिसेल. तेच पाटे.

बैलगाडीचे ओझे थेट आसावर बसते, म्हणून रस्त्यातला प्रत्येक दगड हाडांना कळतो. टांग्याला कमानी असतात. जीपचे पाटे त्याच जातीचे. मुंबईत महिंद्रा कंपनीने अमेरिकेतली विलीज जीप जुळवायला घेतली, त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. त्या जीपच्या चारही चाकांना पाटे होते. बोलेरोच्या मागच्या चाकांना आजही पाटेच आहेत.

सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चासीला पक्का असतो. दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या कडीत असतो. दणका बसला की पाटा सपाट होतो, म्हणजे लांब होतो. ही लांबी शॅकल सांभाळते. ते गंजून जाम झाले, तर पाट्याला जागाच उरत नाही. मग तो तुटतो.

पाटे बांधून ठेवतो मधला सेंटर बोल्ट. आसाला आवळतात ते यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल झाले की सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो व तो कापला जातो. मग आस सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. अशी गाडी पुढे दामटू नका. पाना घरात आहेच, महिन्यातून एकदा यू-बोल्ट तपासा.

आता पाटा बदलायचा आहे असे समजा. आधी जागा सपाट हवी. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चासी जॅकने उचला, आणि चासीखाली लोखंडी घोडा किंवा लाकडाचा जाड ओंडका द्या. विटा नकोत, त्या फुटतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही, मिस्त्री असो की मालक. जॅक घसरायला क्षण पुरतो. गाडी छातीवर आली की शेजारीपाजारी धावून येईपर्यंत माणूस गुदमरतो. आम्ही हे परत परत सांगतो, कारण घाईच्या वेळी नेमका ओंडकाच राहून जातो.

दुसरा जॅक आसाला टेकवा, मग यू-बोल्ट सोडा. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाटे शिकंज्यात धरा. ते एकमेकांवर ताणून बसलेले असतात. बोल्ट सुटताच उसळून तोंडावर येतील.

तुटलेला पाटा वेल्डिंगने सांधू नये. पोलादाला दिलेले पाणी त्या आचेने उतरते. पाटा पुन्हा तिथेच किंवा शेजारी तुटतो. पुढचा मुख्य पाटा चालत्या गाडीत तुटला, तर स्टिअरिंग हाती राहीलच असे नाही. नवा पाटा घ्यावा, यू-बोल्टही नवे घ्यावेत.

डोळ्यात रबरी बुश असेल तर ग्रीस लावू नका, रबर फुगते. पितळी बुशाला मात्र ग्रीस हवेच. रबरी बुशाचे बोल्ट शेवटी आवळावेत, गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. अधांतरी आवळले तर रबर पिळून लवकर फाटते.

ओझे वाहायचे म्हणून पुष्कळजण एक पाटा जास्त घालतात. घालायचा तर दोन्ही बाजूंना सारखा घाला. पण मोकळी गाडी मग टणाटण उडते. चाक रस्ता सोडते, आणि सुटलेल्या चाकाला ब्रेक कसला? शिवाय पाटा वाढला म्हणून आस, टायर वा ब्रेक यांचे बळ वाढत नाही. लांब शॅकल घालून गाडी उंच करणे तर आम्हाला मुळीच पसंत नाही. पुढच्या आसाचा कल बदलतो, गाडी भरकटते, वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा शॉक-ॲबसॉर्बर बघा. त्यातून तेल गळत असेल, किंवा खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहत असेल, तर तो बदला. हा खर्च सार्थकी लागतो.

काम झाले की रिकामी गाडी हळू चालवून पाहा. ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. नवे पाटे काही दिवसांत दबून बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. म्हणून पहिल्या फेरीनंतर एकदा, आणि सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.