‘हिंदू’ वाचताना

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ या कादंबरीवर वार्षिकांकासाठी लिहावे, असे मराठीच्या सरांनी सुचविले तेव्हा मी टाळाटाळच केली. पुस्तक सहाशे पानांचे. नेमाड्यांना २०१४ सालचे ज्ञानपीठ मिळाले ते एकंदर साहित्यसेवेसाठी. तरी आमच्या ग्रंथालयात मुले २०१० च्या या कादंबरीला ‘ज्ञानपीठवाली’ म्हणूनच मागतात. ‘कोसला’ दोन रात्रींत संपविणाऱ्या मला हिने दोन महिने दमविले, हे आधीच कबूल करतो.

कथानक म्हणाल तर थोडकेच आहे. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोला असतो. वडील अत्यवस्थ असल्याचे कळते आणि तो खानदेशातल्या आपल्या मोरगावी परततो. बाकी सारा आठवणींचा पसारा. कुणब्याचे घर, भाऊबंदकी, गावातल्या जातीजमाती, दंतकथा, म्हणी, बायकांची दु:खे. उत्खननात थराखाली थर निघावा तशी एका गोष्टीखालून दुसरी निघते. घरात घडलेले कोणते आणि लोकांनी रचलेले कोणते, हे लेखक वेगळे करून देत नाही. सुरुवातीला मला हा दोष वाटला. याद्यांमागून याद्या येतात तेव्हा तर आजही वाटतो.

माझे मत बदलले ते आजीमुळे. तिचे माहेर मुधोळकडचे. हा तालुका पूर्वी नांदेड जिल्ह्यात होता, १९५६ साली आंध्रात गेला, आता तेलंगणात आहे. आजी सासरी बिलोलीला नांदत राहिली आणि माहेर परराज्यात गेले! ती निम्मे तेलुगू, निम्मे मराठी बोलते. खंडेरावाची महानुभाव संन्यासिनी झालेली आत्या फाळणीनंतर पाकिस्तानात राहून गेली, तो भाग मी तिला वाचून दाखविला. आजी बराच वेळ गप्प बसली. मग तिने तळ्याची गोष्ट काढली.

ही गोष्ट लहानपणापासून मी शंभरदा ऐकली आहे. तळ्याला पाणी लागेना, म्हणून पाटलाने धाकटी सून बांधात बळी दिली. अशा कथा कर्नाटकात आहेत, आंध्रात आहेत, आपल्याकडेही आहेत. म्हणून परीक्षेत लिहावे तसे मी आजीला म्हणालो, “आजी, ही लोककथा आहे. सगळीकडे सांगतात.”

“सगळीकडं सांगत्यात, तर नाव बी तेच सांगत्यात का?” आजी म्हणाली. “ती माझी चुलती व्हती बाबा. तळ्यात न्हाई, हिरीत गेली. कुनी ढकललं का तिनंच उडी घेतली, ते घरात कुनी बोलंना. मग माय हीच गोष्ट सांगायची, तिचं नाव घालून.”

सुनेचे नाव दर वेळी एकच असते, हे मला कधी खटकलेच नव्हते. उघड सांगता न येणारे मरण त्या घरातल्या बायकांनी जुन्या कथेत ठेवून दिले होते.

त्यानंतर मी कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून काढली. या खेपेला वही जवळ ठेवली आहे. प्रत्येक गोष्ट कोण सांगते, कोणाला सांगते आणि सांगताना कोणाचे नाव गाळते, एवढेच टिपतो. अद्याप निम्मे पुस्तक व्हायचे आहे. चुलतीचे नाव मात्र या लेखात नाही. आजीने छापू दिले नाही.